गोळ्या चालू आहेत तरी माणूस उभारी धरत नाही, घोरण्याचा आणि डिप्रेशनचा काही संबंध असतोय काय?

धोटा_कांडी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले. आमचे मिस्टर ४६ वर्षांचे, बेळगावच्या वडगावात घरचेच चार पॉवरलूम होते. लॉकडाऊननंतर धंदा बसला, त्यातले दोन माग विकायला लागले आणि तेव्हापासून हे गप्पच झाले. जेवण नको, कुणाकडं जाणं नको, रविवारी मित्रांबरोबर राजहंसगडावर चालत जायचे तेही बंद. शेवटी दिरांनी धरून मानसोपचार डॉक्टरांकडं नेलं. डिप्रेशनची एस्सिटालोप्राम १० ची गोळी सुरू झाली. चार-पाच आठवड्यांनी फरक पडला, हे मी नाकारणार नाही. रडणं थांबलं, "मी असून तरी काय उपयोग" हे बोलणं थांबलं. पण तिथंच गाडी अडकली. १० ची २० झाली, नंतर झोप लागावी म्हणून मिर्टाझापिन जोडली, तिनं भूक वाढली आणि वजन सहा-सात महिन्यांत ९ किलोनं वाढलं. आता दीड वर्ष होत आलं.

सकाळी आठ तास झोपून उठतात आणि चेहरा असा की रात्रपाळी करून आलेत. मागावर स्टुलावर बसल्या जागी मान टाकतात, कांडीवरचं सूत संपलेलं असतं, धोटा रिकामाच पळत असतो आणि ह्यांना पत्ता नसतो. परवा मी धावत येऊन माग बंद केला.

आता मुख्य गोष्ट. घोरणं आधीपासून होतं, पण वर्षभरात घोरता घोरता मधेच आवाज बंद पडतो. एकदम शांत. मी अंधारात मोजत बसते. कधी पंधरा, कधी वीसपर्यंत आकडे जातात, मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास येतो, अंग हलतं आणि परत घोरणं सुरू. हे मी डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही, कारण तपासताना मला बाहेर बाकावर बसवतात, आणि ह्यांना स्वतःला झोपेतलं काय माहीत असणार? माझ्या जावेनं कुठंतरी वाचलं की ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात आणि त्यानं पण डिप्रेशन येतं. मग दीड वर्ष आम्ही चुकीच्या आजाराच्या गोळ्या खाल्ल्या काय? कुणाला अनुभव असेल तर सांगा, मी खरंच घाबरलेय.

जांबोटीचा_पाऊस:
ताई उगाच घाबरू नका. घोरणं म्हणजे गाढ झोप. आमचा आजोबा असा घोरायचा की परड्यातली म्हैस उठायची, ८८ वर्षं जगला. धंद्याचं टेन्शन आहे, धंदा सुधारला की माणूस सुधारतोय.

चोर्ला_घाट:
जांबोटीकर, माफ करा पण हेच ऐकत मी चार वर्षं काढली.

मी भाजीचा टेम्पो चालवतो, बेळगाव ते म्हापसा, रात्री निघायचं आणि पहाटे पोचायचं. दिवसभर अंग जड, बायकोवर चिडचिड, पोराला एकदा उगाच मारलं ते अजून आठवतं. कशातच रस नाही. दवाखान्यात गेलो तर त्यांनी विचारलं झोप येते काय, मी म्हटलं रात्री सारखी जाग येते. झाली, झोपेची गोळी दिली. ती घेतली की पडायचो दगडासारखा पण सकाळी आणखी वाईट, डोकं ठणकायचं, तोंड कोरडं. त्यावर कुणी म्हणालं नाइंटी मार झोप लागतीय, ते पण करून झालं. २०१९ च्या पावसाळ्यात घाटात वळणावर डोळा लागला. बाजूला बसलेल्या हमालानं स्टिअरिंग ओढलं म्हणून आज लिहुलोय. खाली दरी आहे तिथं, ज्यांनी तो रस्ता बघितलाय त्यांना माहीत आहे.

तो हमालच म्हणाला, अण्णा तुम्ही गाडी उभी करून झोपता तेव्हा तुमचा श्वास थांबतोय, मला भीती वाटते. घरात बायकोनं दहा वेळा सांगितलं होतं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. टेस्ट केली, एएचआय ४१ आला. म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास अडकतोय किंवा अर्धा होतोय. झोपेत नाकातून हवेचा दाब देणारं मशीन घेतलं ४२ हजाराला, हप्त्यावर. महिन्याभरात डोकं हलकं झालं, चिडचिड गेली. मला वेगळी डिप्रेशनची गोळी लागलीच नाही. वहिनी, दादांची टेस्ट करा, थांबू नका. आणि तोवर त्यांना चालत्या मागाजवळ एकटं बसवू नका.

कुंदा_प्रेमी:
कुंभकर्ण सहा महिने झोपून पण ढोल-नगारे वाजवल्याशिवाय उठायचा नाही. त्याची पण टेस्ट करायला पाहिजे होती म्हणजे.

स्टेथो:
कुंदा_प्रेमी, तुम्ही गमतीत बोललात पण मी माझ्या पेशंटना हेच उदाहरण देते :) झोप किती तास झाली ह्यावर काही ठरत नाही, तुटली किती वेळा हे बघायचं.

मी छातीरोग विभागात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे वाचून कुणी स्वतःचं स्वतः निदान करू नका, पण धोटा_कांडी ताईंनी जे वर्णन केलंय ते आमच्या पुस्तकात असतं त्यापेक्षा चांगलं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं जाते, वाट बंद होते. छाती ओढत असते पण हवा आत जात नाही. १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ हवा बंद असेल तर त्याला आम्ही ॲप्निया म्हणतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, स्नायू ताठ होतात आणि तो हुंदका येतो. माणसाला काही आठवत नाही. पण रात्रभरात हे दोन-तीनशे वेळा झालं तर ती झोप नव्हे, ती मारामारी आहे. तासाला ५ पेक्षा कमी म्हणजे नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

आता डिप्रेशन. थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, कशात रस नसणं, झोप बिघडणं, शरीरसंबंधाची इच्छा जाणं ही यादी दोन्ही आजारांत जवळपास तीच आहे. मानसोपचारवाले पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, त्यातले थकवा, झोप, एकाग्रता हे प्रश्न ॲप्नियाच्या माणसाचे पण "हो" येणार. त्यामुळं गफलत होते, आणि दोन्ही आजार एकाच माणसात असणं तर खूपच कॉमन आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या एका हॉस्पिटलात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲप्नियाच्या पेशंटपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना डिप्रेशनची लक्षणं होती, आणि ज्यांनी तीन महिने सीपॅप रोज पाच तासांच्या वर वापरलं त्यांच्यात ती अगदी थोड्यांना उरली. सीपॅप म्हणजे तेच मशीन, १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पहिल्यांदा वापरलं, नाकातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. पण त्या अभ्यासात मशीन नीट वापरणारेच मोजले होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून तेवढ्यावर मी विसंबणार नाही. २०१६ चा सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आहे, अडीच हजारांवर लोक, सगळे आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले. त्यात मशीननं हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, पण मूड आणि दिवसाची झोप ह्यात फरक दिसला, आणि तोही सरासरी रात्रीला तीन-साडेतीन तासच वापरून.

गोळ्यांबद्दल. एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी सहसा ॲप्निया वाढत नाही. मिर्टाझापिननं उलट ॲप्निया कमी होईल अशी एकेकाळी आशा होती, पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही, आणि वजन वाढलं की मानेभोवती, घशात चरबी वाढते, वाट आणखी अरुंद होते. चोर्ला_घाट दादांना दिली तशी शामक गोळी आणि दारू ही मात्र खरी धोक्याची, घसा जास्तच सैल पडतो. ताई, तुम्ही चुकीच्या गोळ्या खाल्ल्या असं मी म्हणणार नाही. मरणाचं बोलणं थांबलं हा गोळीचा उपकार छोटा नाही. अर्धं काम बाकी राहिलं असेल, असं म्हणूया.

निळी_छत्री:
स्टेथो मॅडमचं शेवटचं वाक्य मला अधोरेखित करायचंय कारण हा धागा वाचून कुणी गोळ्या नाल्यात टाकू नयेत.

मी टिळकवाडीत राहते, शिक्षिका आहे. माझा एएचआय २७ होता. मशीनवर ३ वर आला. झोप सुंदर, सकाळी पाचला आपोआप जाग, मला वाटलं आता मी बरी झाले, सगळं झोपेमुळंच होतं. डॉक्टरांना न विचारता गोळी एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, मळमळ. ते दोन-तीन आठवड्यांत गेलं, पण दोन महिन्यांनी खरं डिप्रेशन परत आलं. रात्री गाढ झोपत होते आणि सकाळी उठून फळ्यासमोर उभी राहिले की शब्द सुचायचे नाहीत. वर्गातल्या मुली एकमेकींकडं बघायच्या. चोर्ला_घाट दादांना गोळी लागली नाही ह्याचा आनंद आहे, पण त्यांचा अनुभव सगळ्यांना लागू नाही. मला दोन्ही लागतं. रात्री मशीन, सकाळी गोळी. ह्यात लाज वाटावी असं मला काही दिसत नाही.

चोर्ला_घाट:
बरोबर आहे ताई. मी माझंच सांगितलं, डॉक्टरकी केली नाही. तुमचं वाचून बरं वाटलं.

तंबाखूपेठ:
निपाणीतनं लिहितोय. सगळेजण पुरुषांचंच बोलालेत म्हणून आईचं सांगतो. आई ५८, आयुष्यभर विड्या वळल्या. तिला घोरणं फारसं नाही. रात्री दोनला जाग, परत झोप नाही, सकाळी डोकं दुखणं, दिवसभर उदास, देवाला पण हात जोडावंसं वाटत नाही म्हणायची. चार ठिकाणी दाखवलं. एकानं पाळी गेल्यामुळं म्हटलं, एकानं सुनेशी पटत नसेल म्हटलं (माझी बायको त्या दिवशी जेवली नाही), एकानं डिप्रेशनची गोळी दिली. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, कुणी बघितलाच नव्हता, तो बघितल्यावर थायरॉईड कमी निघालं. थायरॉईडनं पण थकवा, उदासी, वजन आणि ॲप्निया पण वाढतोय म्हणे. थायरॉईडची गोळी चालू करून पण जाग येणं गेलं नाही, मग झोपेची टेस्ट केली तर एएचआय १८.

एक राग सांगतो. बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात झोपेचा फॉर्म भरायला दिला, कन्नड आणि इंग्रजी. आईला दोन्ही येत नाही. "बसल्या बसल्या, टीव्ही बघताना, गाडीत डुलकी लागते का", असे आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. काउंटरवरचा माणूस म्हणाला मुलाला भरू दे. अरे आईला डुलकी कधी लागते हे मला काय माहीत, मी दिवसभर दुकानात. मी अंदाजानं भरला तर बेरीज ६ आली, म्हणजे नॉर्मल. मग एक सिस्टर आल्या, त्या कन्नडच, पण आईजवळ बसून हातानं खुणा करत म्हणाल्या "निद्दे? गोरके?" आईला गोरके बरोबर कळलं, घोरणं! दोघी हसल्या. परत भरला तर बेरीज १३. दहाच्या वर गेलं की डॉक्टर लक्ष देतात. एका सिस्टरमुळं आईची टेस्ट झाली.

राजहंस:
हेच तर म्हणतोय आम्ही इतकी वर्षं. आपल्या भाषेत फॉर्म मागितला की लगेच राजकारण. उतारे नाहीत, पाट्या नाहीत, आता आजारपण पण परभाषेत

शहापूरकर:
राजहंस दादा, तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर आपले पन्नास धागे आहेत. इथं ताईंचा नवरा मागावर झोपतोय. आणि त्या सिस्टर कन्नडच होत्या हे पण वाचा.

राजहंस:
मान्य. ताई, फॉर्म मराठीत समजावून हवा असेल तर मला सांगा, मी येऊन बसतो. खरंच सांगतोय.

धोटा_कांडी:
सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं, चोर्ला घाटाचं ऐकून बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले त्या माणसाला विचार टेस्टला रात्रभर दवाखान्यात झोपायला लागतंय काय. दीड वर्षात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी विचारलं. आणि गोळ्या बंद करणार नाही, निळी_छत्री ताई.

चोर्ला_घाट:
दोन प्रकार आहेत. दवाखान्यात झोपवून डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावतात, ती पूर्ण टेस्ट. मी घरची केली, छातीला पट्टा, नाकात बारीक नळी, बोटाला चिमटा, साडेचार हजार घेतले. दादांना सांगा टेस्टच्या रात्री नीट झोप लागणार नाही असं वाटतं पण लागते.

स्टेथो:
साध्या केसमध्ये घरची पुरते. हृदयाचा, फुप्फुसाचा मोठा आजार असेल तर दवाखान्यातलीच बरी. जाताना ताई तुम्ही एक काम करा, रात्री दोन मिनिटांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा, ती शांतता आणि तो हुंदका दोन्ही येऊ दे. मानसोपचार डॉक्टरांना पण ऐकवा. आणि ह्या वेळी बाकावर बसू नका, आत जा. ह्या आजारात अर्धी माहिती शेजारी झोपणाऱ्याकडं असते, तिला बाहेर बसवून कसं चालेल? बेळगावात सोय आहेच, मनाच्या आजारासाठी धारवाडला डिमहान्स पण जवळ आहे. मधेच कधी ते मरणाचं बोलणं परत आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेलि-मानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री पण चालू असतो.

जांबोटीचा_पाऊस:
मी वर लिहिलेलं मागं घेतो. काल गावी गेलो होतो, बाबांच्या खोलीत मुद्दाम जागा राहिलो. मोजलं. एकदा तेवीस आले. मला दरदरून घाम फुटला. बाबा दोन वर्षं "मन लागत नाही" म्हणून शेतावर जात नाहीत आणि आम्ही त्यांना आळशी म्हणत होतो. पुढच्या सोमवारी नंबर लावलाय.

निळी_छत्री:
सोमवारी काय झालं ते कळवा दादा.

धोटा_कांडी:
पाच आठवड्यांनी लिहितेय, राग मानू नका. रिपोर्ट आला. एएचआय ३८, ऑक्सिजन सगळ्यात खाली ७४ टक्क्यांपर्यंत गेलेला. तो कागद बघून मला रडू आलं, हे मात्र म्हणाले "म्हणजे मी आळशी नाही". एवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

मशीन सुरू होऊन १९ दिवस झाले. पहिल्या तीन रात्री झोपेतच ओढून काढलं, नाकावर लाल वळ उठले. मग मास्क बदलला, नाकपुड्यांना टेकणारा छोटा घेतला. चौथ्या रात्री पाच तास राहिला. मागच्या बुधवारी मी उठायच्या आधी खालून मागाचा खटखट आवाज आला, मला वाटलं चोरबीर शिरला, जाऊन बघते तर हे कांडी भरून बसलेले, चहा पण स्वतःच करून घेतलेला.

सगळं झालं असं नाही. मित्रांकडं अजून जात नाहीत, राजहंसगडाचं नाव काढलं तर विषय बदलतात. ह्या वेळी मी डॉक्टरांच्या खोलीत आत गेले, रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टरांनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाले हे मी आधी विचारायला पाहिजे होतं. मला त्यांचा राग होता तो तिथंच गेला. मिर्टाझापिन हळूहळू कमी करत आणणार आहेत, एस्सिटालोप्राम आहे तशीच, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले.

आता एक अडचण. गणपतीला पाच दिवस माझ्या माहेरी नंदगडला जायचंय. पावसात तिथं लाईट जाते ती रात्र रात्र येत नाही. मशीनशिवाय पाच रात्री चालतील काय, की जायचंच नको?

स्टेथो:
जा. मशीन घेऊन जा. एखादी रात्र चुकली तर घाबरायचं कारण नाही, त्या रात्री कुशीवर झोपवा, पाठीवर नको. पण पाच रात्री सलग नको.

जांबोटीचा_पाऊस:
ताई, बाबांचं मशीन गेल्या आठवड्यापासून आमच्याकडं चालू आहे, त्यामुळं ही परीक्षा मी दिलीय :) त्यात पाणी गरम करणारी टाकी असते, जास्त करंट तीच खाते. ती बंद करून नुसती हवा चालू ठेवली तर आमच्या घरच्या साध्या इन्व्हर्टरवर पूर्ण रात्र निघाली, वर सकाळी पंखा पण चालत होता. माहेरी इन्व्हर्टर नसेल तर कळवा, आमचा जुना बॅटरीसकट पडून आहे, नंदगडला आणून देतो. आणि पोरांना पहिल्याच दिवशी मशीन दाखवून ठेवा, नाहीतर रात्री सगळी दारात उभी राहून बघत बसतात, बाबांना तीन दिवस तोच त्रास झाला.